कोरा रकाना

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला नोंदींची सवय जडते. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते. ते कोणी नेले, केव्हा परत केले, परत येताना ते कोणत्या स्थितीत होते, हे सारे कोणत्या ना कोणत्या वहीत उतरते. माझ्या हातून अशा हजारो नोंदी झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक मी विसरूनही गेले. एक नोंद मात्र विसरता आली नाही. कारण ती मला पूर्ण करता आली नाही.

१९९४ साली एम. ए. होऊन आणि ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग पुरा करून मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात नोकरीला लागले. गाव नदीकाठचे, उसाच्या पट्ट्यातले. वाचनालयाची इमारत जुनी, दगडी. बालविभाग म्हणजे मागच्या बाजूची एक खोली आणि तिच्यापुढचा ओटा. खोलीत काचेची चार कपाटे होती आणि चारही कपाटांना कुलपे होती. भिंतीवर दोन पाट्या होत्या : ‘शांतता राखा’ आणि ‘सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’.

त्या वेळी मला या पाट्यांत काही वावगे वाटले नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाला शासनाचे अनुदान मिळते. अनुदानासाठी दप्तर चोख लागते आणि हरवलेल्या पुस्तकाचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. त्यामुळे पुस्तके जपणे हेच आपले पहिले काम, असे मी धरून चालले होते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मला परीक्षेपुरती तोंडपाठ होती. पुस्तके उपयोगासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे मी उत्तरपत्रिकेत सुवाच्य अक्षरात लिहिले होते. पण पाठ असणे वेगळे आणि समजणे वेगळे.

दर शनिवारी दुपारी बालविभागात ‘गोष्टींचा तास’ असे. पहिल्या शनिवारी मी मोठ्या उत्साहाने गोष्ट सांगायला बसले. साहित्याची विद्यार्थिनी असल्याने मी अरण्याचे वर्णन केले, सूर्यास्ताचे वर्णन केले, राजवाड्याचेही केले. मुले चुळबुळ करू लागली. शेवटी पुढे बसलेल्या एका मुलाने अगदी आदराने विचारले, “ताई, गोष्ट कधी सुरू होणार?”

त्या दिवशी माझी सुटका केली ती आमच्या शिपायांनी. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. ते दारातच उकिडवे बसले आणि भोपळ्यात बसून लेकीच्या गावाहून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट त्यांनी सुरू केली. ही गोष्ट प्रत्येक मुलाला ठाऊक होती. तरीही सारी मुले गप्प झाली. वाघ पुढे आला की मामा थांबत, आणि पुढचे वाक्य मुलेच एका सुरात म्हणत. मामांनी एक शब्द बदलला तर मुले त्यांना दुरुस्त करत.

मी मामांकडून शिकू लागले. लहान मुलाला नवी गोष्ट हवी असतेच. पण त्याहून त्याला ओळखीची गोष्ट पुन्हा हवी असते. पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात त्याला धीर वाटतो आणि ते आपण सांगू शकतो याचा अभिमानही वाटतो. मोठी गोष्ट आधी सांगावी, छोटी नंतर; कारण मुलांचे ध्यान हळूहळू सुटत जाते. दोन गोष्टींच्या मध्ये टाळ्यांचे एखादे गाणे घ्यावे, म्हणजे अवघडलेले हातपाय मोकळे होतात. पुस्तक आपल्याकडे नव्हे, मुलांकडे तोंड करून धरावे. पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तेवढ्या वेळात मुलाच्या मनात पुढचे चित्र तयार होत असते. पुस्तके उभी लावून त्यांची पाठ दाखवू नये, मुखपृष्ठ दाखवावे. ज्याला अजून अक्षर येत नाही, तो चित्र पाहूनच पुस्तक निवडतो. हे कोणत्याही वर्गात मला कोणी शिकवले नव्हते.

दिवाळी झाली आणि साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आल्या. गावाबाहेर पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या उभ्या राहिल्या. या कामात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही दिवस उजाडण्याआधी फडात जावे लागते. मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीवर राहते. गावी ती शाळेत जात असली, तरी दिवाळीनंतर तिची शाळा सुटते ती उन्हाळ्यापर्यंत.

अशीच एक मुलगी त्या डिसेंबरात आमच्या दाराशी आली. तेलाविना पिंगट झालेले केस, मळका परकर आणि कडेवर दोन-अडीच वर्षांचा भाऊ. ती काही बोलली नाही. दाराच्या चौकटीला टेकून गोष्ट संपेपर्यंत उभी राहिली. पुढच्या शनिवारीही आली. मी तिला म्हटले, “आत येऊन बस. पण लहान मुलाला आत आणता येणार नाही.”

तिने पाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “गप ऱ्हातो ह्यो, बाई. लई गप ऱ्हातो.”

मी पाटीकडे बोट दाखवले. ती मुकाट्याने पुन्हा चौकटीला टेकली. तेव्हा मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बाई, पाटी खोलीला आहे. ओट्याला कुठे आहे?”

त्या शनिवारपासून आम्ही सतरंजी ओट्यावर अंथरू लागलो. ती मुलगी भावाला मांडीवर घेऊन अगदी पुढे बसे. तिला पाहून गावातल्या मुलीही आपली धाकटी भावंडे आणू लागल्या. महिन्याभरात ओटा भरून गेला. दोन वर्षांची, तीन वर्षांची, नुकतीच बोलू लागलेली मुले. ती रडत, मध्येच उठून जात, वाघ आला की बहिणीच्या पाठीत तोंड लपवत. मी त्यांच्यासाठी गोष्टी लहान केल्या, वाक्ये लहान केली. कपाटांची कुलपे काढून चित्रांची पुस्तके सतरंजीवर मांडू लागले. गोष्टींचा तास खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

ती मुलगी थोडेफार वाचत असे. गोष्ट संपली की ती एक पुस्तक उचली, भावाला जवळ घेई आणि शब्दांखाली बोट ठेवून त्याला वाचून दाखवी. जो शब्द अडे, तिथे चित्र पाहून ती आपल्या मनाने काहीतरी सांगे. कधी कधी तिने सांगितलेली गोष्ट पुस्तकातल्यापेक्षा चांगली असे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी दुसऱ्या मुलांत गुंतले असता कागद फाटल्याचा आवाज आला. तिच्या भावाने प्राण्यांच्या पुस्तकातले हत्तीचे पान ओढले होते. पान मधोमध फाटले होते. पुस्तक नवे होते, त्याची किंमत सहा रुपये होती. मार्चअखेरची ग्रंथमोजणी तोंडावर आली होती आणि आदल्याच दिवशी कार्यवाहांनी ‘ओट्यावरचा बाजार’ म्हणून मला टोकले होते. ते सारे माझ्या मनात एकदम उसळले. ओटाभर मुलांसमोर मी तिला विचारले, “आता हे भरून कोण देणार?”

तिने उत्तर दिले नाही. रडलीही नाही. फाटलेले दोन तुकडे तिने नीट जुळवून पुस्तकात ठेवले, पुस्तक मिटले, भावाला कडेवर घेतले आणि ती निघून गेली.

सोमवारी सकाळी मी कामावर आले तेव्हा मामांनी एक रुपयाचे नाणे माझ्या टेबलावर ठेवले. “ती ऊसतोडीची पोरगी देऊन गेली. बाकीचे पुढल्या बाजाराला देते म्हणाली.”

मी नुकसानभरपाईची नोंदवही उघडली. अनुक्रमांक घातला. दिनांक घातला. पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक, रक्कम रुपये एक, असे सगळे लिहिले. मग ‘नाव’ या रकान्यापाशी माझा हात थांबला. दोन महिने दर शनिवारी ती माझ्या समोर बसत होती. तिच्या भावाला कोणता प्राणी आवडतो, हे मला ठाऊक होते. तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ती सभासद नव्हती, तिचे कार्ड नव्हते, म्हणून नाव विचारण्याचे मला कधी कारणच पडले नव्हते.

मामांना विचारले, त्यांनाही ठाऊक नव्हते. येत्या शनिवारी ती येईल, तेव्हा तिची समजूत घालू, नाणे परत देऊ आणि नाव विचारू, असे मी ठरवले. ती आली नाही. त्या पुढच्या शनिवारीही आली नाही. खरे तर मी त्याच दिवशी कोप्यांवर जायला हवे होते. पण ग्रंथमोजणीचे काम होते आणि काहीशी लाजही होती. मोजणी संपवून एप्रिलच्या सुरुवातीला मी मामांना घेऊन कोप्यांच्या जागी गेले, तेव्हा तिथे चुलींचे दगड आणि थोडे पाचट एवढेच उरले होते. हंगाम संपला होता. टोळ्या गावाकडे परतल्या होत्या.

लेखापरीक्षणाच्या वेळी कार्यवाहांनी ती नोंद पाहिली. “हे काय? नाव कुठे आहे?” त्यांनी विचारले.

“विचारायचे राहिले,” मी म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी पुष्कळ विचार केला. वाचकापर्यंत पुस्तक नेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवल्या जात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. आणि मी मात्र एका मुलाला खोलीचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

पुढच्या हंगामापूर्वी मी कार्यकारी मंडळापुढे अर्ज ठेवला. कोप्यांवरच्या मुलांसाठी पुस्तकांची एक पेटी द्यावी, अशी माझी विनंती होती. पुस्तके परत येणार नाहीत, असे बहुतेकांचे मत पडले. अखेरीस कार्यवाहांनीच मार्ग काढला. फाटल्यामुळे बाद केलेली तीस पुस्तके नेण्यास हरकत नव्हती. मी आणि मामांनी मैद्याची खळ करून ती तीसही पुस्तके चिकटवली. हत्तीचे पुस्तक त्यांत होते.

१९९५च्या नोव्हेंबरपासून आम्ही दर रविवारी पत्र्याची ती पेटी सायकलला बांधून कोप्यांवर नेऊ लागलो. मी पेटीबरोबर एक वही नेत असे. पुस्तक देण्याआधी मी मुलाला नाव विचारी आणि ते वहीत लिही. कडेवरच्या मुलाचेही नाव लिही. आपले नाव कोणीतरी लिहून घेते आहे, हे पाहायला मुले वहीभोवती गर्दी करत. हंगाम संपला तेव्हा तीस पुस्तकांपैकी सत्तावीस परत आली. ती अधिक मळली होती, दोन-चार पुन्हा फाटली होती. हरवलेल्या तीन पुस्तकांचे मला वाईट वाटले नाही. ती कुठल्या तरी मुलाबरोबर गावी गेली असणार. खोलीच्या दाराची ती पाटीही त्याच वर्षी उतरली. आपण काही मोठे केले असे वाटू नये म्हणून मामांनीच ती गुपचूप काढून ठेवली.

दरवर्षी नव्या टोळ्या येत. पहिल्या रविवारी मी कोप्यांमधून नजर फिरवी. तेवढ्या वयाच्या पुष्कळ मुली दिसत, कडेवर भाऊ घेतलेल्याही दिसत. ती दिसली नाही. पुढे काही कारखान्यांच्या परिसरात या मुलांसाठी साखरशाळा सुरू झाल्या. मीही यथावकाश ग्रंथालय सोडून अध्यापनाकडे वळले. निघताना मी ती नोंदवही मागून घेऊन एकदा पाहिली. शाई फिकट झाली होती. नावाचा रकाना कोराच होता.

पुस्तक फाटले तर खळीने चिकटवता येते. हरवले तर दुसरे विकत आणता येते. चारचौघांत लाजवलेले मूल पुन्हा दाराशी येईलच, असे नसते. लहान मुलांसाठी काम करणाऱ्याने आपल्या वह्या जरूर नीट ठेवाव्यात. पण पहिली नोंद मुलाच्या नावाची असावी, एवढे मी त्या एका रुपयाच्या बदल्यात शिकले.

ती मुलगी आज चाळिशीच्या जवळ आली असेल. सुटलेली शाळा तिला पुन्हा धरता आली का, मला ठाऊक नाही. पुष्कळ जण मोठेपणी पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेतात. तशीच तीही कुठे शब्दांखाली बोट ठेवून वाचत बसली असेल, तर तिने मला एकदा भेटावे. तिचा रुपया माझ्याजवळ आहे. तिचे नाव विचारायचे राहिले आहे.