दहा सेंटिमीटरचे तुकडे

बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलं, तेव्हा ठाकुर्लीतल्या शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "म्हणजे आता ही हातोडा घेऊन डोंगरात हिंडणार?" प्रश्न टोमण्याचा होता, पण अंदाज अगदी बरोबर.

कॉलेज सीएसटीजवळ. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, म्हणून रोज स्लो. तेव्हा फास्ट लोकल 1916 सालच्या पारसिक बोगद्यातून जायच्या. आमची गाडी मुंब्र्याहून डोंगराला वळसा घालायची. तो वळसाच मला शिकवून गेला. माळशेजला लाव्हाचे थर आडवे दिसतात. मुंब्र्याच्या डोंगरात ते समुद्राकडे कललेले. वर्गात 'पनवेल फ्लेक्शर' आलं, किनाऱ्यालगत हे थर वाकलेत असं सरांनी सांगितलं, तेव्हा मला फळ्यावरच्या आकृतीची गरजच पडली नाही.

एम.एस्सी.नंतर वर्ग पांगला. कुणी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात (जीएसआय) गेलं, कुणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेत विहिरींची पातळी मोजतंय, एक जण तेलाच्या रिगवर. मी जिओटेक्निकल कंपनीत. इमारत, पूल, मेट्रो काहीही उभं राहण्याआधी बोअर मारून कोअर काढतात, तो बघणं हे माझं काम.

कोअर म्हणजे दगडाची लांब कांडी, लाकडी पेटीत ओळीनं मांडलेली. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज करायची, एकूण लांबीशी तिचं प्रमाण काढायचं. ती टक्केवारी म्हणजे आरक्यूडी, दगड किती अखंड आहे याचं माप. सोपं वाटतं. पण कांडी मुळातल्या भेगेवर तुटली की काढताना कामगाराच्या हातून, हे ओळखावं लागतं. ताज्या तुटीच्या कडा धारदार आणि स्वच्छ असतात. जुन्या भेगेत बहुधा गंज, माती किंवा पांढरी खनिजं भरलेली. ताजी तूट तूट म्हणून धरायची नाही. हे परीक्षेत दोन मार्कांचं होतं, साइटवर सगळा पगार त्याचाच.

"मॅडम, दगड तर सगळा काळाच," कंत्राटदार म्हणतात. मग पेटीत वीतभर तांबडा थर निघतो. एका लाव्हाचा माथा कुजून झालेली ही माती, वर दुसरा लाव्हा येऊन झाकलेली. पाणी लागलं की सैल पडते. तिच्यावर पायाचा पाइल टेकवता येत नाही, आणखी खाली न्यावा लागतो. वाढीव खर्च कुणाचा, यावर मीटिंग बसते. मी पुढच्या बोअरकडे निघते.