पायथ्याच्या मुक्कामाची तयारी

प्रवास करून आल्यावर त्याचे वर्णन लिहिण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. निघण्यापूर्वीच लेखणी हाती धरण्याचा प्रघात नाही. तथापि गेले तीन आठवडे आमच्या घरी ज्या दोन रात्रींच्या मुक्कामाचा खल चालला आहे, त्याने घराबाहेर पाऊल पडण्याआधीच आम्हांस पुष्कळ काही दाखविले. म्हणून हा प्रपंच.

आमचे बिऱ्हाड अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी आहे. तेथून मोटारीने अडीच-तीन तासांच्या वाटेवर, टूसॉन मागे टाकून बेन्सन गावाच्या दक्षिणेस वळले म्हणजे व्हेटस्टोन पर्वताचा पायथा लागतो. येथे कार्टनर कॅव्हर्न्स नावाचे सरकारी उद्यान असून त्यात उतारूंसाठी थोड्याशा लाकडी केबिनी बांधलेल्या आहेत. केबिनीत पलंग, दिवा आणि थंडी-उन्हाची सोय एवढेच. अंथरूण-पांघरूण आपले, स्वयंपाक बाहेर, आणि नळ व स्नानगृह थोडे चालून गेल्यावर. तंबूचे कष्ट नकोत आणि हॉटेलचा थाटही नको, अशा मधल्या प्रकृतीच्या माणसांस हा बेत मानवण्यासारखा आहे. आम्ही त्याच जातीचे.

परंतु आमच्या बेतात तात्या आहेत. तात्या म्हणजे आमचे वडील. वय पंचाहत्तर, उजवा गुडघा कुरकुरणारा. सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे आले आहेत आणि एप्रिलच्या अखेरीस परत जावयाचे आहेत. विमानात बसतानाच, “आता पुन्हा येणं व्हायचं नाही,” असे ते बोलून गेले. ते वाक्य कोणी पुन्हा उच्चारले नाही. पण तारखा ठरविताना ते प्रत्येक वेळी आमच्या मधोमध येऊन बसे.

तारखांचा घोळही तसाच. या डोंगराच्या पोटात चुनखडीची एक गुहा आहे. तिच्यातील ‘बिग रूम’ नावाचे दालन एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माणसांस बंद असते, कारण त्या काळात वटवाघळांच्या माद्या तेथे पिले वाढवितात. वटवाघळांसाठी सरकारने माणसांस सहा महिने बाहेर ठेवावे, हे वाचून आमच्या मनात त्या सरकारविषयी आदर उत्पन्न झाला. तात्यांचे जाणे, वटवाघळांचे येणे आणि मुलांची सुट्टी यांच्या मधली अरुंद फट म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा. तेव्हा दिवस सुखाचा असतो; पण हे स्थळ साडेचार हजार फुटांहून उंच असल्यामुळे रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. वाळवंट म्हणजे उकाडा, या समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन जाणाऱ्याने रात्र कुडकुडत काढावी.

या गुहेची कथा मुलांस आम्ही रात्री सांगितली. 1974 साली गॅरी टेनेन आणि रँडी टफ्ट्स या दोन तरुणांना डोंगरातील एका अरुंद भोकातून आत शिरता आले. आत ओलावा होता, छतावरून थेंब गळत होते, आणि पाऊलखूण कोणाचीही नव्हती. बाहेर बोभाटा झाला तर गुहा लुटली जाईल, या भयाने त्यांनी तोंड मिटून घेतले. जमीनमालक कार्टनर कुटुंबाला त्यांनी चार वर्षांनी सांगितले. 1988 साली सरकारने ती जागा घेतली आणि 1999 साली दार उघडले. आत एक सुमारे 21 फूट लांबीची, बोरूसारखी पोकळ चुनखडीची नळी छतापासून लोंबते आहे. बाहेरच्या कोरड्या हवेने गुहा सुकू नये म्हणून वाटेत एकामागून एक दारे बसविली आहेत. कॅमेरा, पिशवी काहीही आत नेता येत नाही.

तात्या एका कोपऱ्यात ऐकत होते. त्यांनी विचारले, “पाणी कुठलं?” पावसाचेच, डोंगरातून झिरपणारे, असे आम्ही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. तात्या माणदेशचे. 1972 च्या दुष्काळात दहिवडीच्या बाजूस त्यांनी खडी फोडली आहे आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाल्ली आहे. ज्या डोंगरावर गवत टिकत नाही त्याच्या पोटात ओल असते, ही गोष्ट आम्हांस भूगोलाची होती. त्यांना ती निराळ्या ठिकाणी लागली असावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच सांगितले की, गुहा आपण पाहणार.

येथे खरी अडचण उभी राहिली. बिग रूममध्ये सात वर्षांखालच्या मुलांस घेत नाहीत आणि आमची धाकटी पाच वर्षांची. तिच्याजवळ कोणी तरी राहावयास हवे. “मी थांबतो की,” तात्या लगेच म्हणाले. ते थांबण्यास तयार होते, हेच आम्हांस सोसवेना. आमच्या घरात वडीलधारी माणसे नेहमीच थांबत आली आहेत. शेवटी सौभाग्यवतींनी निकाल दिला: पहिल्या दिवशी सर्वांनी मिळून ‘थ्रोन रूम’चे दालन पाहावे, तेथे धाकटीलाही मज्जाव नाही, दुसऱ्या दिवशी तात्यांनी नातवाबरोबर बिग रूममध्ये जावे, आणि आम्ही दोघांनी धाकटीसह बाहेर बसावे. तात्यांनी दोनदा नको म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले नाही.

राहिली सामानाची यादी. रात्री स्नानगृहापर्यंत जाण्यासाठी विजेरी, तिच्या काचेवर तांबडा कागद. कारण या उद्यानाचे काळोखे आकाश राखण्याचे व्रत आहे आणि 2017 पासून त्याला तशी आंतरराष्ट्रीय मान्यताही आहे. सकाळी बूट झाडून घालावेत, हे विंचवाविषयीचे कलम तात्यांनीच घातले. त्यासाठी त्यांना अमेरिकेची माहिती लागली नाही. पायथ्याभोवती अडीच मैलांची एक पायवाट आहे, ती मुलासह आम्ही चालणार. तात्यांसाठी घडीची खुर्ची. तेथील मेस्किटचे झाड आपल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड, हे कळल्यावर मात्र ते म्हणाले, “मग खुर्ची कशाला? त्या काट्यांतून मी जन्मभर चाललोय.”

खुर्ची यादीत आहे. तिच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलेले आम्हांस काल आढळले, आणि त्याच्या खाली, तात्यांच्या अक्षरात: ज्वारीचे पीठ, दोन शेर.