हेराल्डचं छप्पर

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या सीमाभागात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण संपले आणि भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबे फायलींच्या पाठोपाठ भोपाळला गेली. माझे वडील त्यांतलेच. ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहिलो तिला तात्या टोपे यांचे नाव होते, पण लोकांच्या तोंडी ती टी. टी. नगरच. तिथे मी वाढले आणि लग्न होऊन बेळगावला आले. म्हणजे एकाच तारखेने माझे माहेर आणि सासर, दोन्ही महाराष्ट्राबाहेर ठेवले!

आज मात्र लिहायचे आहे ते एका मोटारीविषयी. बाईमाणसाने मोटारीवर काय लिहावे, असे कुणाला वाटेल. पण ज्या घरात जेवणाच्या ताटावर कार्ब्युरेटरची चर्चा चाले, त्या घरातली मी मुलगी आहे.

त्या काळी आपल्या देशात मोटारी मुख्यतः तीन. उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, मुंबईची फियाट आणि मद्रासजवळच्या वंडलूरची स्टँडर्ड हेराल्ड. पहिली साहेबाची, दुसरी डॉक्टरची, आणि तिसरी हौशी माणसाची. ही हेराल्ड मूळची इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीची. १९५९ साली ती ट्रायम्फ नावाने निघाली आणि १९६१ पासून आपल्याकडे होऊ लागली. तिचा घाट जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराने घडवला होता. दोन दारे, मागे बारीकसे पंख, आणि सगळे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडणारे. इंजिन ९४८ सीसीचे. थांबलेल्या गाडीला ताशी साठ मैल गाठायला अर्धे मिनिट लागे. पण वळायची मात्र अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात. क्वार्टरांच्या बोळात बाकीच्या गाड्या मागेपुढे करीत असताना आमची हेराल्ड एका झटक्यात तोंड फिरवून उभी राही.

तिच्या घडणीत एक गंमत होती. कंपनीला अखंड सांगाड्याची मोटार करायची असती तर बाहेरून सांगाडे मिळायला हवे होते. पण ते करणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीने आधीच विकत घेतला होता. मग नाइलाजाने जुन्या पद्धतीची, खाली वेगळी चासी आणि वर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने जोडलेली बॉडी अशी रचना केली. गाडीचा भार चासीवर. छप्पर नुसते वर बसवलेले. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली. हीच चासी ९१.५ इंचांवरून ८३ इंचांवर आणून मिकेलोत्तीने एक बसकी, उघडी, दोन माणसांची मोटार केली. कंपनीत तेव्हा पैशाची चणचण, त्यामुळे तो नमुना कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नव्या मालकांपैकी कुणी ते कापड उचलले, आणि १९६२ साली स्पिटफायर बाजारात आली. इंजिन ११४७ सीसीचे, ६३ अश्वशक्तीचे. साठ मैलांचा वेग सोळा-सतरा सेकंदांत! १९६५ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिने आपल्या वर्गात पहिला नंबर मिळवला.

हे सगळे मला दादाने सांगितले होते. जुनी इंग्रजी मासिके तो न्यू मार्केटातून रद्दीच्या भावात आणी. वडिलांनी १९७४ साली एका निवृत्त अधिकाऱ्याची दहा वर्षे वापरलेली हेराल्ड घेतली, तेव्हा दादा नुकताच बीएचईएलमध्ये लागला होता. परदेशी मोटार मागवणे आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही नव्हते. दादा म्हणे, "मागवायची कशाला? स्पिटफायर हिच्या पोटातच आहे. फक्त बाहेर काढायची."

तीन वर्षे तो रविवारी ती बाहेर काढत होता. सिलिंडर हेड खरडून घेतले, म्हणजे दाब वाढतो. मुंबईच्या चोरबाजारातून एसयू कार्ब्युरेटरची जोडी आणली. सायलेन्सर बदलला. मागच्या चाकांची ठेवण नाजूक आहे, जोरात वळताना ब्रेक मारला तर बाहेरच्या बाजूचे चाक दुमडते, हे त्याने वाचले होते. म्हणून मागची स्प्रिंग खाली बसवली. शेवटी १९७७ च्या उन्हाळ्यात छपराची पाळी आली. शहरात गाड्यांची छपरे करवतीने कापून वरातीच्या गाड्या करून देणारे उस्ताद होते, एका दिवसाचे काम. दादाने आठ दिवस घेतले. एकेक बोल्ट तेल घालून सोडवला, पुसला, ग्रीस लावून हॉर्लिक्सच्या बाटलीत ठेवला आणि कुठला कुठे याची चिठ्ठी आत टाकली. आईने एवढेच विचारले, "आणि पावसाचं काय?" वडील सचिवालयातले. त्यांनी काही न बोलता रीतसर अर्ज केला आणि गाडीच्या पुस्तकात बदलाची नोंद करून आणली.

पॉलिटेक्निकच्या चौकातून श्यामला हिल्सचा चढ ती गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढे. वर गेले की मोठा तलाव दिसे आणि डोक्यावर नुसते आभाळ. माझे लग्न ठरल्यावर दादाने मला त्याच रस्त्यावर गाडी शिकवली. "तिकडे गेल्यावर कुणी विचारलं, काय येतं, तर हे सांग," म्हणाला.

छप्पर परसात जळणावर पालथे घातले होते. पुढे घरात गॅस आला, आई-वडील गेले, छप्पर तिथेच. गेल्या दशकात स्मार्ट सिटीसाठी टी. टी. नगरातली जुनी क्वार्टरे पाडायला घेतली, तेव्हा सामान नेणारा माणूस म्हणाला, हे भंगारात घालू का? वहिनी नाही म्हणाल्या. टेम्पोचे वेगळे भाडे भरून त्यांनी ते नव्या घरी नेले. दादा हसला होता.

२०१९ मध्ये दादा गेला. गाडी शेडमध्ये उभी राहिली. भाच्याचा मागच्या वर्षी फोन आला. "आत्या, एक विचारायचं होतं." २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढच्या मोटारीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. बॉडीत बदल करायला आता कायद्याची आडकाठी, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. नोंदणी टिकवायची तर छप्पर परत बसवावे लागेल आणि जोड-कार्ब्युरेटर उतरवावे लागतील. "पण मग बाबांचं त्यात काय राहिलं, आत्या?"

मला उत्तर सुचेना. कंपनीने केलेली गाडी खरी, की माझ्या भावाने केलेली? कागदाच्या हिशेबाने त्याची तीन वर्षे म्हणजे एक खोडून टाकायची चूक. मी भोपाळला गेले ते भाच्याला 'राहू दे' म्हणून सांगायलाच.

वहिनींनी आम्हा दोघांचे ऐकून घेतले. मग कपाटातून हॉर्लिक्सची बाटली आणून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "त्यांनी छप्पर कापलं नव्हतं, काढून ठेवलं होतं. परत बसवायचं नसतं तर चिठ्ठी कुणासाठी लिहिली?"

दिवाळीनंतर काम सुरू झाले. पुस्तकातली वडिलांनी केलेली नोंद बदलून घ्यायला भाच्याने अर्ज दिला आहे. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत, आणि डब्यात त्याने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी टाकली आहे. छपराच्या आतल्या बाजूला जळणाच्या काळ्या रेघा आहेत. त्या घासून काढू का, असे रंगारी विचारत होता. आम्ही नको म्हटले.