हेझलच्या बाई

‘सागा’ ही चित्रकादंबऱ्यांची मालिका सुरू होते ती एका बाळंतपणाने. क्लीव्ह नावाच्या ग्रहावरचं एक गॅरेज. बाहेर युद्ध चाललंय आणि आत अलानाला कळा येताहेत. नवरा मार्को तिच्याजवळ आहे. तिला पंख आहेत, त्याला शिंगं. जन्मलेल्या मुलीला दोन्ही आहेत. तिचं नाव हेझल. आणि पुढची सगळी गोष्ट हीच हेझल सांगते, मोठी झाल्यावर.

ब्रायन के. वॉन यांनी लिहिलेली आणि फिओना स्टेपल्स यांनी रंगवलेली ही मालिका मार्च २०१२ पासून अमेरिकेत इमेज कॉमिक्सतर्फे निघते. पहिल्या खंडाला २०१३ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पालकांनो, आधीच सांगते, चित्रं आहेत म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका. यात नग्नता आहे, रक्तपात आहे, शिव्या आहेत. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत २०१४ साली ज्या पुस्तकांवर सर्वाधिक हरकती आल्या, त्या दहांच्या यादीत ‘सागा’ होतं. शालेय ग्रंथालयात ते नसावं हे मलाही पटतं. पण मुलांना शिकवणाऱ्या मोठ्या माणसांनी ते वाचावं, असं मात्र फार वाटतं.

यातलं युद्ध आहे लँडफॉल हा ग्रह आणि रीथ हा त्याचा चंद्र यांच्यात. पंखवाले लँडफॉलचे, शिंगवाले रीथचे. दोघांची गोची अशी, की एकाचा नाश केला तर दुसरा कक्षेतून सुटून भरकटणार. मग काय केलं? युद्ध थांबवलं नाही, दुसऱ्यांच्या ग्रहांवर नेलं! तिथल्या लोकांनी कुठली तरी एक बाजू घ्यायची आणि आपल्याच अंगणात मरायचं. लँडफॉलच्या शाळकरी मुलांना बॉम्बचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी युद्ध म्हणजे बातम्या आणि भाषणं.

त्या दुसऱ्यांच्या ग्रहावरची एक मुलगी म्हणजे इझाबेल. क्लीव्हवर राहणारी, जेमतेम किशोरवयातली, भूसुरुंगावर पाय पडून मेलेली. ती आता भूत आहे, कमरेखालचं शरीर नाही, आतडी लोंबताहेत. आणि हीच हेझलला सांभाळते, रात्री! पहिल्यांदा तिचं चित्र पाहिलं की अंगावर काटा येतो. चार पानांनंतर ती टवाळखोर ताई वाटायला लागते. भूसुरुंगाने काय होतं हे स्टेपल्स एकदा दाखवून मोकळ्या होत नाहीत. ती मुलगी जेव्हा जेव्हा चित्रात येते, तेव्हा तेव्हा ते आपल्याला पाहावंच लागतं.

अलाना आणि मार्को दोघेही सैनिक. तो युद्धकैदी, ती त्याच्यावर पहारा देणारी. एका स्वस्तातल्या प्रेमकादंबरीच्या निमित्ताने दोघं जवळ आली आणि पळाली. त्यांच्या मागावर दोन्ही बाजू आहेत. दोन पळपुट्या सैनिकांसाठी एवढा आटापिटा कोण करेल? खरी भीती त्या तान्ह्या मुलीची आहे. पंख आणि शिंगं एका अंगावर नांदू शकतात हे लोकांना कळलं, तर इतकी वर्षं चालवलेल्या युद्धाला कारण काय उरलं?

मला सर्वांत जास्त भिडला तो सहावा खंड. हेझल आता बालवाडीच्या वयाची आहे आणि आजीबरोबर लँडफॉलच्या बंदिवासात आहे. शिंगं दिसतात म्हणून ती शत्रूची पोर. पंख कपड्यांखाली दडवलेले. त्या बंदिवासातही शिकवणाऱ्या एक बाई आहेत, नोरीन नावाच्या, दिसायला एखाद्या मोठ्या किड्यासारख्या. हेझलला त्या आवडतात. आणि मूल जे करतं तेच ती करते, आवडत्या बाईंना गुपित सांगते. कपडे बाजूला सारून पंख दाखवते. बाई बेशुद्धच पडतात. पण पुढे त्या कुणाकडे तक्रार करत नाहीत. ही मुलगी इथून बाहेर पडायला हवी, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. आपल्याला मुलं काय काय सांगतात, आठवून बघा. ‘बाई, कुणाला सांगू नका, माझी आजी आमच्या घरी येत नाही. आईशी बाबांनी लग्न केलं म्हणून.’ सहा वर्षांचं लेकरू हे मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सांगतं. आपल्या जनरल रजिस्टरमध्ये धर्माला एक रकाना, जातीला एक, मातृभाषेला एक. आई कन्नड आणि बाबा मराठी बोलणारे असतील तर लिहिताना आपण वडिलांकडे बघतो. आईचं अर्धं तिथे कुठेच राहत नाही. पंख कपड्यांखाली जातात ते असे. आणि हे काम कुणी सैनिक करत नाही, प्रवेशाच्या दिवशी टेबलाशी बसलेला आपल्यातलाच कुणी तरी करतो, तेही अगदी प्रेमाने.

भाषेच्या शिक्षकांसाठी एक गंमत. रीथच्या लोकांची भाषा म्हणून पुस्तकात एस्परँटो वापरली आहे, निळ्या अक्षरांत, खाली अनुवाद न देता. अर्थ चेहऱ्यांवरून काढायचा. शाळेत नव्याने आलेल्या, मराठी न कळणाऱ्या मुलाचं काय होत असेल, ते या पानांवर आपलंच होतं.

मालिका अजून पूर्ण झालेली नाही. २०१८ मध्ये ५४ व्या अंकावर ती थांबली, आणि कशावर थांबली ते मी सांगणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली साडेतीन वर्षं वाचक नुसते ताटकळले. धीर एकाच गोष्टीचा होता, हेझलचं निवेदन. ते छापील टायपात नाही, स्टेपल्स यांनी चित्रांवरच हाताने लिहिलंय, वहीतल्या अक्षरांसारखं. ते अक्षर दिसतंय म्हणजे ही मुलगी वाचली आहे, मोठी झाली आहे, लिहायला शिकली आहे. पहिल्या खंडात सहा अंक आहेत, तिथून सुरुवात करा. आणि वाचून झालं की कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा.