पाळण्याला नवा रंग

लहान मुलांच्या लाकडी सामानाचं आयुष्य मोठं, पण त्याची चाकरी फार थोडी. बाळ कड धरून उभं राहू लागलं की पाळणा संपला. पांगुळगाडा त्याहून कमी दिवसांचा. एकदा पाय फुटले की मूल त्याच्याकडे वळूनही बघत नाही. बुटकी खुर्ची दोन-तीन वर्षं, बसून लिहायचं उतरतं डेस्क फार तर चौथीपर्यंत. मग सगळं माळ्यावर. लाकूड मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहतं. म्हणूनच या वस्तू आपल्याकडे कधी एका मुलाच्या नसायच्या. पाळणा मागायला जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. उलट ज्या पाळण्यात धडधाकट पोरं वाढली तोच मुद्दाम मागून आणायचा. आणि आणला की आधी रंगवायचा. येणाऱ्या बाळाला दुसऱ्याचं द्यायचं, पण नवं करून द्यायचं, ही त्यातली माया.

आमच्या आत्याकडचा पाळणा सावंतवाडीचा. चितारआळीत कातलेला. त्या गावच्या लाकडी खेळण्यांचं आणि फळांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण मला तिथलं खरं देखणं काम वाटतं ते पाळण्याच्या खांबांचं. चरकावर खांब गरगर फिरत असतो आणि कारागीर लाखेची रंगीत कांडी त्यावर नुसती टेकवतो. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि पट्टा उमटतो: आधी पिवळा, मग लाल, मधे काळ्याची बारीक रेघ. वरून केवड्याचं वाळलेलं पान दाबून धरलं की त्या पट्ट्याला अशी चकाकी येते की बोट फिरवावंसं वाटतं. इथे ब्रश लागत नाही आणि वाळायची वाटही बघावी लागत नाही. पण हे साधतं फक्त गोल कामावर. पाळण्याच्या चौकोनी कडा, तळाच्या फळ्या, खुर्चीची पाठ यांना चरक काही करू शकत नाही. तिथे ब्रशानेच रंग द्यावा लागतो. त्यामुळे जुन्या पाळण्यात खांब अजून झळझळीत आणि कडा मात्र उडालेल्या, असं हमखास दिसतं.

कडा उडतात त्याला आणखी एक कारण आहे. दात येताना हिरड्या शिवशिवतात, आणि गुडघ्यावर उठलेल्या बाळाच्या तोंडाशी बरोबर पाळण्याची वरची कड येते. आत्याच्या पाळण्याची ती कड मी उजेडात धरून पाहिली आहे. वर आकाशी, त्याच्याखाली पोपटी, त्याच्याखाली गडद पिवळा, आणि जिथे बाळांनी चावून चावून खोलगट केलं आहे तिथे नितळ लाकूड. प्रत्येक थर कुठल्या भावंडाच्या वेळचा ते आत्या बोट ठेवून सांगते. मला ती कड फार सुंदर वाटते. तरीही ती तशीच जपून ठेवावी असं मी म्हणणार नाही, कारण त्या थरांत काय आहे ते मला ठाऊक आहे.

जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असायचं. शिशाने रंग लवकर वाळतो, टिकतो, उन्हापाण्याला दाद देत नाही. पिवळा आणि लाल तर त्याच्यामुळेच इतका भडक उठायचा. म्हणजे मुलांना आवडणारे रंग नेमके तेच. शिशाची चव किंचित गोडसर लागते, त्यामुळे उडालेली खपली मूल थुंकून टाकत नाही. मेंदू घडत असतानाच्या वयात शिसं पोटात गेलं तर त्याचा फटका बुद्धीला, लक्ष लागण्याला बसतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन आलं ते 2016 च्या नियमांनी. दशलक्ष भागांत 90 भागांच्या वर शिसं नको, आणि ते लागू झालं नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधी रंगवलेला प्रत्येक पाळणा, प्रत्येक खुर्ची संशयाची, असं धरून चालावं. लाख स्वतः निर्धोक असते, पण जुन्या कामात तिच्यात कुठली पूड कालवली होती ते डोळ्यांनी सांगता येत नाही.

मग जुना रंग काढायचा कसा? बहुतेक घरांत पॉलिश पेपर घेऊन कोरडंच खसाखसा घासायला बसतात. बारीक धूळ उडते, चटईवर बसते, वाळत घातलेल्या लंगोटांवर बसते. आणि पाळणा माळ्यावरून उतरतो केव्हा? घरात लेक बाळंतपणाला आली की! डोहाळजेवण आटोपलं की ओसरीत घासकाम सुरू होतं आणि ती पोटुशी पोर तिथेच बसून कौतुकाने बघत असते. ज्या जिवासाठी हे सगळं चाललंय त्याच्याच वाट्याला ती धूळ जाते. काही घरांत तर अपशकुन होईल या भीतीने बाळ जन्मायच्या आधी पाळणा बाहेरच काढत नाहीत. त्या भीतीमागचं दुःख मी समजू शकते. पूर्वी किती पाळणे रिकामे राहत ते आपल्या आज्यांनी पाहिलेलं होतं. पण त्यामुळे सगळं रंगकाम बारशाच्या आधीच्या बारा दिवसांत कोंबलं जातं, आणि अंगात टर्पेंटाइनचा वास असलेल्या पाळण्यात बाळाला घालतात.

आत्याने मात्र या वेळी पाळणा आमच्या गावच्या जुन्या रंगारीकाकांकडे दिला. मी शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं. त्यांनी पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर घेतला, तोंडाला फडकं बांधलं, आणि अंगणात खाली प्लास्टिक अंथरून बसले. घासलं की लगदा निघे, तो ओल्या फडक्याने टिपून घेत. भुगा उडूच देत नव्हते. चाव्यांच्या खळग्यांवर ते जरा थांबले. “हे भरू ना, ताई?” म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी लांबी भरली, वाळू दिली, पुन्हा घासली, प्रायमरचा एक हात मारला. खांबांवरच्या लाखेला स्पिरिट लागू नये, नाहीतर ती विरघळते, म्हणून खांब त्यांनी फक्त ओल्या कापडाने पुसले आणि वरून पारदर्शक थर दिला. “पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. लहान पोराची वस्तू आहे, घाई कशाला?” असं म्हणून पाळणा त्यांनी उन्हात नाही, वाऱ्यावर ठेवला.

रंग कुठला, यावर घरात वाद झाला. आत्याला पूर्वीचा पिवळा हवा होता. मी फिकट रंगाच्या बाजूची. मारिया माँटेसरींनी मुलांचं सामान हलकं, मुलाला स्वतः उचलता येईल असं आणि फिकट, धुता येण्याजोग्या रंगाचं असावं असा आग्रह धरला, कारण त्यावर पडलेला डाग मुलाला स्वतःला दिसतो आणि ते तो पुसायला घेतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी घडवली ती याच विचाराला आपल्या मातीतल्या, जवळ मिळणाऱ्या साधनांची जोड देऊन. खुर्ची आणि डेस्कापुरतं हे तंतोतंत पटतं. पाळण्याचं गणित वेगळं. तिथे डाग पुसणारं कुणी नसतं, आणि कोवळ्या नजरेला ठळक फरकच आधी दिसतो. शेवटी कडा दुधी आणि गजांवर बारीक लाल रेघा, यावर दोघींचं जमलं. रंग पाण्यातला, डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेला.

रंगवण्याची हौस आपल्या लोकांत मुळातच आहे. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांवरचे लाकडी बैल घेऊन घरोघरी जातात. कित्येक घरांत तो बैल आजोबांच्या वेळचा असतो आणि पोळा जवळ आला की शिंगं, झूल, डोळे नव्याने रंगतात. गेल्या वर्षीचा बैल, म्हणून कुठलंही पोर रुसत नाही. ताज्या रंगाने तो त्याचा झालेला असतो. पाळण्याचंही तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं. आज दुकानात मिळणारा भुशाच्या फळीचा पाळणा एक बाळ झोपवून मोडतो. त्याला माळाही नको आणि रंगही नको. सागाचा, शिवणीचा पाळणा मागून आणायची रीत आपण सोडू नये.

तुमच्या माळ्यावर पाळणा, पांगुळगाडा, छोटी खुर्ची असेल, तर घरात गोड बातमी येण्याची वाट बघू नका. पावसाळ्यात रंग चिकट राहतो, म्हणून ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत ते सामान खाली काढा. ओलाच घासा, लगदा कागदात गुंडाळून टाका, आणि गरोदर बाई व लहान मुलं तेवढे दिवस दूर ठेवा. कड्या, साखळ्या, खिळे तपासा. रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या. आणि मग नात्यात, शेजारात विचारा, कुणाला पाळणा हवा आहे का.