चला, काळवीट पाहायला!

बालमित्रांनो, जमिनीवर सर्वांत जोरात पळणारा प्राणी कोणता? तुम्ही लगेच म्हणाल, चित्ता! अगदी बरोबर. मग तो पाहायला कुठे जायचं? केनियातलं मसाई मारा, टांझानियातलं सेरेंगेटी... तिथे पर्यटक उघड्या गाडीत बसून चित्त्याची शिकार बघतात. पण विमानाचं तिकीट आपल्याला कुठलं परवडायला! हरकत नाही. चित्त्यालाही दमवणारा एक पळपुटा आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारीच राहतो. त्याचं नाव काळवीट.

बीडहून पाटोदा, जामखेड आणि मग कर्जत, असा हा रस्ता. वाटेत जामखेडच्या अलीकडे सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आहे. पावसाळ्यात गेलात तर तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊच नका. कर्जतजवळ रेहेकुरी नावाचं गाव आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. इथे १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झालं. आकाराने अगदी छोटं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. 

आम्ही शाळेची मुलं घेऊन गेलो ते हिवाळ्यात, सकाळी सकाळी. अभयारण्य म्हणताच मुलांच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल आलं होतं. इथे तर नुसता माळ! कमरेएवढं पिवळं गवत, मधूनमधून हिवर, बोर, बाभळी. "गुरुजी, हे तर आपल्या गावासारखंच आहे," एक मुलगा हिरमुसून म्हणाला. तेवढ्यात गवतातून दोन काळी शिंगं वर आली आणि सगळे चिडीचूप झाले.

काय देखणा प्राणी! पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि डोक्यावर मळसूत्रासारखी पीळदार शिंगं. हा नर. माद्या मात्र तांबूस-पिवळ्या असतात आणि त्यांना शिंगं नसतात. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगं गळत नाहीत, ती जन्मभराची.

नराने मान ताठ करून आमच्याकडे रोखून पाहिलं. मग एका मादीने टुणकन उंच उडी मारली. तिच्यामागे दुसरीने, तिसरीने. रबरी चेंडू उसळावेत तशा! ही धोक्याची सूचना, बरं का. उड्या संपल्या आणि कळप पळत सुटला. मातीचा नुसता धुरळा दिसला. बोट दाखवेपर्यंत कळप पार पलीकडच्या बाभळींपर्यंत पोचला होता.

आता थोडं गणित करू या. काळवीट जिवाच्या आकांताने पळतं तेव्हा ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेतं. म्हणजे एका सेकंदात साधारण २२ मीटर. आपलं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. तुम्ही "कबड्डी" एकदा म्हणेपर्यंत काळवीट मैदानाच्या बाहेर!

आणि चित्ता? उसेन बोल्टने २००९ साली १०० मीटरची शर्यत ९.५८ सेकंदांत जिंकली. अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या चित्तिणीने २०१२ साली तेवढंच अंतर ५.९५ सेकंदांत कापलं. बोट्स्वानात शास्त्रज्ञांनी रानातल्या चित्त्यांच्या गळ्यात यंत्राचे पट्टे बांधून त्यांचा वेग मोजला. तो जास्तीत जास्त ताशी ९३ किलोमीटर भरला. पण त्यातली गंमत पुढेच आहे. हे चित्ते एका दमात सरासरी पावणेदोनशे मीटरच पळाले. तेवढ्यात शिकार सापडली तर ठीक, नाहीतर धापा टाकत बसायचं! काळविटाला पहिले काही क्षण निभावून न्यायचे असतात. नंतर ते पळतच राहतं, चित्ता मागे पडतो.

मग काळवीट इतकं वेगवान का झालं असेल? हजारो वर्षं आपल्या माळरानांवर चित्ते होते. हळू पळणारी काळविटं त्यांच्या तावडीत सापडली, चपळ होती ती वाचली. त्यांची पिल्लंही चपळ निघाली. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. म्हणजे काळविटाला पळायला शिकवणारा गुरू चित्ताच म्हणायचा!

हा गुरू मात्र आपण गमावला. राजेरजवाडे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. आपल्या कोल्हापूर संस्थानातही अशी शिकार चाले. पुढे देशात चित्ते मिळेनात, तेव्हा ते आफ्रिकेतून मागवावे लागले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात एकाच वेळी तीन चित्ते मारले गेले. ते आपल्या देशातले शेवटचे मानतात. १९५२ साली सरकारने चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले. एकदा घालवलेला प्राणी परत आणायला समुद्र ओलांडावा लागला!

परतीच्या वाटेवर मुलं काळविटाचं कौतुक करत होती. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमचा हरभरा यांनीच खाल्ला. आजोबा रात्रभर राखणीला बसतात." सगळे गप्प झाले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आपला भाग कमी पावसाचा, एकेक रोप मोलाचं. आजोबांचा राग साहजिकच आहे. पण काळवीट शेतात का येतं? माळ नांगरला गेला, गवत कमी झालं, मग ते जाणार कुठे? वन्यप्राण्यांनी पीक खाल्लं तर वन खात्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, हे मी तिला सांगितलं. हे घरी सगळ्यांना ठाऊक नसतं. तुम्हीही सांगा. शिवाय १९७२ च्या कायद्याने काळवीट मारणं हा मोठा गुन्हा आहे, हेही सांगा.

आणखी एक गोष्ट. माळ म्हटलं की आपण म्हणतो, पडीक जमीन, काही कामाची नाही. पण काळविटाचं सगळं बळ पायांत, आणि पायांना हवी मोकळी जागा. त्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू उंच गवतात निपचित पडून राहतं. गवत नसेल तर मोकाट कुत्र्यांना ते लगेच सापडतं. पळता पळता काळविटं कठडा नसलेल्या विहिरीतही पडतात. तिथे त्यांचा वेग काय कामाचा? झाडं जरूर लावा, पण शाळेभोवती, बांधावर, रस्त्याच्या कडेला. गवताचा माळ रिकामा समजू नका. त्याच्यावर काळवीट जगतं, लांडगा जगतो, ससा जगतो, माळटिटवी जगते आणि आपली शेळ्या-मेंढ्याही.

रेहेकुरीला जाल तेव्हा पहाटे किंवा संध्याकाळी जा. भडक कपडे नकोत, गडबड नको. दुर्बीण असेल तर सोबत घ्या. गाडीतून कळपाचा पाठलाग मुळीच करू नका. बिचारी काळविटं तुम्हालाच चित्ता समजतील!

आणि हो, जमलं तर आपल्याच पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्यही पाहा. तुमच्या गावाच्या माळावर कोणते प्राणी दिसतात, याची एक वही आजपासूनच सुरू करा. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी तिथे काय काय दिसायचं. दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहा. दुसरी यादी लांबलचक निघाली, तर का ते घरी सगळ्यांनी मिळून बोला.