अबोला आणि मोटार

अबोला धरायचाच तर माणसाने तो घरात धरावा. घरात भिंती असतात, वर्तमानपत्र असते, आणि अगदीच कोंडी झाली तर ‘जरा भाजी घेऊन येतो’ म्हणून पिशवी उचलता येते. मोटारीत अबोला धरू नये; आणि परमुलखात, जिथे रस्त्यावरच्या पाट्यादेखील आपल्याशी बोलत नाहीत, तिथे तर मुळीच धरू नये. हे शहाणपण मला गेल्या फेब्रुवारीत स्पेनमध्ये आले.

त्याचे असे झाले. बापू, नाना आणि मी ठाण्याच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या वसाहतीत, एकाच जिन्यावर चाळीस वर्षे राहत आलो. तीन मित्र मोटारीने स्पेन पालथा घालतात असा ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट २०११ साली मुलांनी आम्हांला दाखवला, आणि त्याच रात्री आम्ही दरमहा थोडे पैसे बाजूला टाकायचे ठरवले. खजिनदार मी. पैसे साठत गेले आणि मध्येच इमारतीचा पुनर्विकास निघाला. बापूने संमतीपत्रावर पहिली सही केली. नानाने केली नाही. “ह्या घरात माझी आई गेली, इथंच मुलीचं लग्न ठरलं. चाव्या कुणाच्या हातात देऊ?” असे तो सभेत म्हणाला. “भिंतीतून पिंपळ आलाय, तो डोक्यावर पडेल तेव्हा दे,” असे बापू म्हणाला. त्याला तीन वर्षे झाली. ते त्या दोघांचे शेवटचे बोलणे.

मग ते एका मोटारीत बसले कसे? पैशांमुळे. आपला वाटा सोडायला नाना तयार नव्हता, आणि नाना जातो म्हटल्यावर मागे राहायला बापू तयार नव्हता. शिवाय दोघांच्याही बायकांनी बॅगा आधीच भरून ठेवल्या होत्या.

माद्रिदला भाड्याची मोटार घेतली. बापू चालवणार, कारण आंतरराष्ट्रीय परवाना फक्त त्याने काढला होता. मोबाइलवरचा नकाशा नाना वाचणार, कारण घाईत डावे-उजवे सांगायचे तर मला जेवायचा हात आठवावा लागतो. मी मागच्या बाकावर. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि गिअर उजव्या हाताला असतो. बापूचा डावा हात सवयीने गिअर शोधायला जाई आणि दारावर आपटे. वळणाचा दिवा लावायला म्हणून दांडी ओढावी तर काचेवरचे वायपर सुरू होत. लख्ख उन्हात, निळ्याभोर आभाळाखाली, दर वळणाला वायपर फिरवीत जाणाऱ्या आमच्या मोटारीविषयी स्पॅनिश लोकांची काय समजूत झाली असेल ती असो.

खरी अडचण पुढेच होती. नाना नकाशा पाहून मला सांगे, “त्याला सांग, उजवीकडे.” मी पुढे वाकून बापूला सांगे, “उजवीकडे.” तोवर वळण मागे पडे. माद्रिदहून तोलेदो जेमतेम सत्तर किलोमीटर. पण गावाच्या अलीकडे एका वाटोळ्या चौकाला आम्ही लागोपाठ तीन प्रदक्षिणा घातल्या. तो गुरुवार होता. वर्तकनगरच्या साईबाबांच्या देवळातली नानाची चुकलेली फेरी अशी भरून निघाली.

दुपारी जेवणात बटाटे घातलेले जाडजूड ऑम्लेट आले. नानाचा वार असल्यामुळे त्याने नुसता पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. बटाट्याला तिकडे ‘पाताता’ म्हणतात, पावाला ‘पान’, साबणाला ‘हाबोन’ आणि पैसे चुकते करण्याला ‘पागार’. बापूची हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली. तो मोठ्याने मला म्हणाला, “सांग त्याला, आपले बटाटा, पाव, साबण, पगार हे शब्द पोर्तुगिजांचे, आणि त्यांची भाषा ह्या भाषेची बहीण. १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवरही स्पेनचाच राजा होता. तेव्हा साष्टी पोर्तुगिजांकडे, म्हणजे ठाणंही आलंच. साठ वर्षं आपला मालक इकडे बसत होता!”

“त्याला विचार,” नाना ऑलिव्हची बी काढीत म्हणाला, “त्या मालकाने आपली घरं पाडायला काढली होती का?”

पुढे कोर्दोबाला लाल-पांढऱ्या कमानींचे ते अरण्य पाहिले. आठव्या शतकातली मशीद, साडेआठशेच्या वर खांब, आणि त्यांच्या मधोमध सोळाव्या शतकात उठवलेले ख्रिस्ती देवालय. एका छपराखाली दोघे, एकमेकांकडे पाठ करून! मला आमची मोटार आठवली. सेव्हिलला हिराल्दाच्या मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी जवळजवळ टोकापर्यंत चढण आहे. घोड्यावरून वर जाता यावे म्हणून तशी केली असे सांगतात. आमच्या गुडघ्यांनी त्या घोड्याला दुवा दिला. रस्त्यांच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडे होती. बापूने खाली पडलेले एक फळ सोलून तोंडात टाकले आणि कडवट तोंडाने बराच वेळ गप्प राहिला. नाना त्या दिवशी खुशीत होता.

मग ग्रानादा. ह्या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थ डाळिंब, आणि गावाची खूणही तीच. संध्याकाळी मुक्काम शोधता शोधता आम्ही टेकडीवरच्या जुन्या वस्तीत शिरलो. गल्ली निमुळती होत गेली आणि शेवटी दोन्ही बाजूंचे आरसे मिटूनही मोटार पुढे सरकेना. मागे उतार, एका अंगाला पांढरी भिंत, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी फुलांच्या कुंड्या. बापूच्या कपाळावर घाम आला. मी सवयीने “नाना म्हणतो—” अशी सुरुवात केली, पण नाना जागेवर नव्हताच. जेमतेम दार उघडून तो बाहेर सरकला होता आणि मोटारीमागे जाऊन उभा होता.

“येऊ दे,” तो ओरडला. “येऊ दे... येऊ दे... डावी काप. काप, बापू, काप! आता सरळ. येऊ दे... बस्स!”

बापूने जुनी फियाट घेतली तेव्हा वर्तकनगरच्या आमच्या आवारात रोज सकाळी हेच शब्द, ह्याच आवाजात ऐकू येत.

मोटार मोकळ्यावर आली. बापूने काच खाली केली. “कुंडी फुटली का रे?”

“नाही,” नाना म्हणाला. “पण तुझं गाडी मागे घेणं अजून तसंच आहे.”

दुसऱ्या दिवशी आल्हाम्ब्रा पाहिला. जाळीसारखे कोरलेले गिलाव्याचे काम, बारा सिंहांचे कारंजे, खोल्याखोल्यांतून खेळवलेले पाणी. अखेरचा सुलतान बोआब्दिल ह्याने २ जानेवारी १४९२ रोजी शहर इसाबेला आणि फर्नांडो ह्यांच्या स्वाधीन केले, किल्ल्या हाती दिल्या. दक्षिणेकडच्या एका खिंडीत त्याने मागे वळून पाहिले आणि उसासा टाकला, अशी दंतकथा आहे. त्या खिंडीला अजून ‘मूराचा उसासा’ असेच म्हणतात. बापू हे सांगत होता आणि नाना खिडकीतून खालच्या पांढऱ्या घरांकडे पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “बापू, त्याला पर्यायी जागा दिली का रे?”

“दिली. आल्पुहारासच्या डोंगरात.”

“आणि तोवरचं भाडं?”

“ते मला कुठं वाचायला मिळालं नाही.”

“मग आपलं बरं म्हणायचं,” नाना म्हणाला. सही करीन असे काही तो म्हणाला नाही, आणि बापूनेही विचारले नाही.

ह्यानंतर मला परमानंद झाला असे लिहायला हवे. पण खरे सांगायचे तर परतीच्या वाटेवर मी थोडा खट्टू होतो. पुढे दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि मागच्या बाकावर मला काही कामच उरले नव्हते. तीन वर्षे दोन्ही घरी मला आग्रहाचा चहा होता. कारण ‘तो काय म्हणतो?’ हे दोघांनाही माझ्याकडूनच कळायचे. ‘तूच जाऊन विचार ना’ असे मी त्यांना एकदाही म्हटले नव्हते. उलट निरोप पोचवताना कधी कधी चिमूटभर तिखट माझ्याही हातून पडले असेल. अबोला त्या दोघांचा होता. तो जपला होता मी.

यंदा दसऱ्याला नाना आपट्याची पाने घेऊन जिना चढला, आणि माझ्या दारावरून सरळ वर बापूकडे गेला. वरून हसण्याचा आवाज आला. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग न बोलावताच वर गेलो. टीपॉयवर तीन कप होते. बापूने माझ्याकडे पाहिले आणि नानाला म्हणाला, “त्याला सांग, साखर आपली आपण घे.”